सावली एक, शब्द दोन : वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी म्हटलं होतं की इंग्रजीतले कुठले दोन शब्द तुमच्या हातून सारखे उलटसुलट होतात ते मला कळवा, आणि त्यावर एवढी पत्रं आली की सगळी या एका अंकात बसवणं शक्यच नाही, तेव्हा ज्यांचं राहिलं त्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की घेईन. पत्रं वाचताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. आपण वाक्य आधी मनात मराठीत जुळवतो, तिथे एकच शब्द असतो, आणि इंग्रजीत त्याच्यासाठी दोन असतात, मग बोलायच्या घाईत हाताला जो पहिला लागेल तो उचलला जातो. म्हणून या वेळी व्याकरणाचे नियम मी कमी सांगणार आहे. तुमच्याच तोंडच्या मराठीत कुठे ना कुठे त्याची चावी असते, ती शोधू.

प्रश्न : ताई, मी मांजलपूरला राहते, कॅनडाला जायचंय म्हणून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावलाय. स्पीकिंगमध्ये मी म्हणते ‘आय ॲम लिव्हिंग इन वडोदरा सिन्स ट्वेंटी टू इयर्स’ आणि सर दर वेळी थांबवतात, म्हणतात सिन्स नाही, फॉर. पण का ते काही डोक्यात शिरत नाही. आणि दुसरं, एमिग्रेट आणि इमिग्रेट यातलं मी नक्की काय करतेय?

उत्तर : अगं, तुझी चूक अख्खं बडोदं करतं आणि त्याला कारण आहे. मराठीत आपण म्हणतो ‘बावीस वर्षांपासून राहते’ आणि ‘२००३ पासून राहते’, दोन्हीकडे ‘पासून’. शेजारच्या बेनला विचार, तीही दोन्हीकडे ‘थी’च म्हणेल, आणि हिंदीत दोन्हीकडे ‘से’. म्हणजे तू ज्या तीन भाषा लहानपणापासून ऐकतेस त्या तिन्हींत हा फरक नाहीच, मग तो आपोआप कसा येणार?

इंग्रजी इथे दोन गोष्टी वेगळ्या धरते. कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल असा क्षण, जिथून सुरुवात झाली, त्याला सिन्स. आणि किती वेळ गेला ती लांबी, कापड मोजावं तशी मोजलेली, तिला फॉर. आता चावी. वाक्यातला ‘पासून’ काढून टाक आणि पुढे ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून बघ. ‘गेली बावीस वर्षं मी इथे राहते’, छान बसलं, म्हणून फॉर. ‘गेले तीन महिने क्लासला जाते’, बसलं, फॉर. ‘गेली २००३ मी इथे राहते’, हे कोणी म्हणेल का? नाही ना, म्हणून सिन्स. फक्त ‘गेल्या दिवाळीपासून’ सारख्या ठिकाणी फसू नकोस, तिथे ‘गेल्या’ म्हणजे मागची, ती दिवाळी म्हणजे एक ठरावीक वेळ झाली, तिला सिन्सच. ‘गेली दिवाळी मी क्लासला जाते’ असं म्हणून बघितलंस की तुझं तुलाच कळेल.

एक मात्र तुझ्या सरांनी सोडून दिलं, ते मी सोडत नाही. ‘ॲम लिव्हिंग’ पण बदलायला हवं. मराठीत ‘राहते’ हा वर्तमानकाळ चालतो, पण इंग्रजीत मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं सांगायचं तर हॅव लागतो. ‘आय हॅव लिव्ड इन वडोदरा फॉर ट्वेंटी टू इयर्स.’ आजपासून रोज सकाळी चहा घेताना असं एक तरी वाक्य मोठ्यानं म्हण, घरातल्या कोणाबद्दलही, आठ-दहा दिवसांत जीभ वळेल.

एमिग्रेट आणि इमिग्रेट मात्र आपल्याला सोपं आहे कारण आपल्याकडे ‘जाणं’ आणि ‘येणं’ आहे. तू विमानात बसलीस की इथे आई म्हणणार ‘पोरगी गेली गं’, आणि टोरांटोला मावशी असेल तर ती म्हणणार ‘भाची आली’. माणूस एकच, विमान एकच, फक्त बोलणारा कुठे उभा आहे ते बदललं. आईच्या बाजूनं एमिग्रेट, एक्झिटचा ई. मावशीच्या बाजूनं इमिग्रेट, इनचा आय. म्हणून एमिग्रेटच्या मागे फ्रॉम येतं आणि इमिग्रेटच्या मागे टू.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मकरपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. साहेबांना मेल केला, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’. त्यांनी फोन करून विचारलं की रोज पाठवणार का तुम्ही? सगळ्या स्टाफसमोर झालं, फार वाईट वाटलं. बाय लिहायला हवं होतं म्हणे.

उत्तर : भाऊ, समजू शकते मी, चारचौघांत असं झालं की पुढचा मेल लिहायलाही हात धजत नाही. पण हे बघा, ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी सुट्टीवर आहे’, दोन्ही वाक्यं अगदी शुद्ध मराठी आहेत आणि दोन्हींत ‘पर्यंत’च आहे. खंडेराव मार्केटात भाजीवाला सांगतो ‘बारापर्यंत आहे मी इथे’, आणि पिशवी हातात देताना बायको सांगते ‘बारापर्यंत घरी या हं’. भाजीवाला बारापर्यंत बसूनच राहणार आहे. तुम्ही मात्र बाराच्या आधी केव्हातरी एकदाच घरात शिरणार आहात. भाजीवाल्याचा ‘पर्यंत’ म्हणजे टिल, नाहीतर अंटिल. बायकोचा ‘पर्यंत’ म्हणजे बाय.

म्हणजे क्रियापदाला विचारायचं, तू सारखं चालू राहणार आहेस की एकदाच होऊन संपणार आहेस? थांबणं, राहणं, झोपणं, दुकान उघडं असणं, ही चालू राहणारी. पाठवणं, पोचणं, भरणं, संपवणं, ही एकदाच होणारी. रिपोर्ट एकदाच पाठवायचा, म्हणून ‘बाय फ्रायडे’. तुम्ही ‘टिल’ लिहिल्यामुळे साहेबांना पाठवणं शुक्रवारपर्यंत चालूच राहणार असं वाटलं. आणखी एक, ‘बाय फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार त्यात धरलेला असतो, शुक्रवारी संध्याकाळी पाठवला तरी तुम्ही वेळेत आहात.

प्रश्न : मी दांडिया बाजारातली आजी, वय ७३. पणतू इंग्रजी शाळेत आहे, त्यानं विचारलं सावलीला काय म्हणायचं, शेड की शॅडो? मला दोन्ही शब्द माहीत, फरक माहीत नाही. या वयात असं विचारायला थोडी लाज वाटते.

उत्तर : आजी, नमस्कार करते. लाज कसली हो. तुमच्याच दांडिया बाजारात अरविंद निवास आहे, येता-जाता बघत असाल. श्री अरविंद सात वर्षांचे असल्यापासून इंग्लंडमध्येच वाढले, १८९३ साली ते बडोद्याला आले तेव्हा इंग्रजी त्यांच्या मुठीत होती पण स्वतःची बंगालीच नीट येत नव्हती. ती ते इथे राहून शिकले, संस्कृत इथेच शिकले, मराठी-गुजरातीही शिकले, आणि त्याच वेळी बडोदा कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवत होते. शिकवणारा माणूस शिकतच असतो, आणि तुम्ही तर पणतवासाठी विचारताय.

तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. पणतवाला घेऊन एका दुपारी कमाटी बागेत जा, ऊन जरा कडक असताना. उन्हात उभं केलं की त्याच्या पायाशी त्याची सावली पडेल, दोन हात, दोन पाय, डोक्यावर टोपी असली तर टोपीसुद्धा. ती शॅडो. तिला आकार असतो आणि ती कोणाची तरी असते. मग त्याला एखाद्या मोठ्या झाडाखाली घेऊन जा. गार वाटेल. ती शेड. तिला आकार बघायचा नसतो, ऊन नाही एवढंच महत्त्वाचं. आणि तिथे उभा राहिला की त्याला खाली बघायला सांगा. त्याची स्वतःची शॅडो गेलेली असेल. झाडाच्या शेडमध्ये शिरलं की आपली शॅडो दिसत नाही, बाहेर पाऊल टाकलं की परत पायाशी हजर. पोरं हे दहा-दहा वेळा करतात, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि मग हे दोन शब्द ती जन्मात विसरत नाहीत, मी वर्गातल्या मुलांना मैदानावर नेऊन हेच करायची.

आणि पणतू मोठा झाला की त्याला हेही सांगा की जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता. आपल्याकडे ‘घोडा’ असतो पण ला लावायचा झाला की ‘घोड्याला’ होतं, तशी त्या शब्दाची दोन रूपं होती, एक नुसतं आणि एक बदललेलं. नुसत्या रूपाचा पुढे शेड झाला, बदललेल्याचा शॅडो, आणि हळूहळू दोघांनी अर्थ वाटून घेतले. म्हणजे एके काळी इंग्रजांनाही आपल्यासारखी एकच सावली पुरत होती.

प्रश्न : रावपुऱ्यात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. पेंटरनं बोर्डावर स्टेशनरी लिहिताना ई च्या जागी ए घातला. एक कॉलेजची मुलगी म्हणाली काका, चुकलंय. खरंच चुकलंय का? उच्चार तर एकच आहे.

उत्तर : हो काका, चुकलंय. ए वाला स्टेशनरी म्हणजे जागच्या जागी उभा, न हलणारा, जशी सिग्नलला थांबलेली कार, आणि कारमध्ये ए आहेच. ई वाला म्हणजे कागद, वह्या, पाकिटं. पाकिटाला इंग्रजीत एन्व्हलप, त्याची सुरुवात ई नं. एवढं लक्षात ठेवलंत की पुरे.

पण गंमत अशी की दोन्ही शब्द मुळात भाऊ-भाऊच आहेत. मध्ययुगात युरोपात विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं नि कागद विकणारे काही लोक एका जागी दुकान थाटून बसायचे, बाकीचे विक्रेते पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव फिरायचे. एका जागी बसणारा तो स्टेशनर. त्याच्याकडे मिळतं ते स्टेशनरी. तुम्ही रावपुऱ्यात एका जागी गल्ला मांडून बसला आहात, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थानं तुम्ही अस्सल स्टेशनर. बोर्ड मात्र दुरुस्त करून घ्या, शाळेची मुलं रोज त्याच्याखाली उभी राहतात आणि बोर्डावरचं स्पेलिंग पुस्तकातल्यापेक्षा पक्कं बसतं.

प्रश्न : मी शियाबागेत राहतो, दहावीत आहे. बॉरो-लेंड, ब्रिंग-टेक, से-टेल, हिअर-लिसन, सगळ्यात मार्क जातात. एकदम सांगा ना.

उत्तर : अरे, हे चारही तुला मराठीत आधीच येतात, फक्त त्यांची गाठ घालून द्यायची आहे.

उसनं घेणं बॉरो, उसनं देणं लेंड. ‘उसनं’ दोन्हीकडे आहे म्हणून तू गोंधळतोस, तू ‘घेणं’ आणि ‘देणं’ याच्याकडे बघ. ब्रिंग म्हणजे आण, टेक म्हणजे ने. बाई शाळेत म्हणतात ‘उद्या डबा आण’, आई घरी म्हणते ‘डबा ने रे’, डबा तोच. से म्हणजे म्हणणं, टेल म्हणजे सांगणं, आणि टोल्ड लिहिलंस की कोणाला ते लगेच पुढे लिही, ‘ही टोल्ड मी’, नाहीतर वाक्य लंगडं पडतं. आणि हिअर-लिसन तर किती सोपं, फोनवर रेंज जाते तेव्हा तू ओरडतोस ‘ऐकू येतंय का?’ ते हिअर. आणि बाबा चिडून म्हणतात ‘ऐक जरा माझं!’ ते लिसन. कानावर आपोआप पडतं ते एक, आणि कान देऊन ऐकतो ते दुसरं. लिसनच्या मागे टू विसरू नकोस.

प्रश्न : ताई, दहा वर्षांनी परत नोकरीसाठी अर्ज केला. प्रतापनगरला घरून शिकवण्या घ्यायचे, ते लिहिलं, ‘आय वर्क्ड हार्डली फॉर टेन इयर्स’. नणंद म्हणाली उलटा अर्थ झाला. तुम्ही सांगा.

उत्तर : नणंद बरोबर आहे, पण तुमचं डोकंही बरोबरच चाललं होतं. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, मग हार्डचं हार्डली, असंच वाटणार कोणालाही. पण हार्ड जसाच्या तसा क्रियापदामागे लागतो, ‘आय वर्क्ड हार्ड’. हार्डली हा निराळाच, त्याचा अर्थ जेमतेम, जवळजवळ नाहीच. म्हणजे तुमच्या वाक्याचा अर्थ झाला ‘दहा वर्षं मी जवळपास कामच केलं नाही’. लेट आणि लेटली तसंच, लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली. अर्ज परत पाठवायला मिळत असेल तर पाठवा, संकोच करू नका, दहा वर्षं घरात पोरं सांभाळून शिकवण्या घेतल्यात ते कागदावर नीटच दिसायला हवं.

प्रश्न : घराच्या लोनच्या कागदावर प्रिन्सिपल लिहिलंय, शाळेतही प्रिन्सिपल असतात, आणि माझे वडील ‘मॅन ऑफ प्रिन्सिपल्स’ होते असं लोक म्हणतात. तिन्ही एकच का? (वाडी, वडोदरा)

उत्तर : पहिले दोन एक, तिसरा वेगळा. लोनमधलं मुद्दल हा पैशाचा मुख्य भाग, व्याज त्याच्या मागून येणारं. शाळेतले मुख्याध्यापक हेही मुख्य. ‘मुख्य’ जिथे बसेल तिथे शेवट पी-ए-एल. वडिलांची तत्त्वं मात्र पी-एल-ई. रूलचा शेवटही एल-ई नं होतो, तत्त्व म्हणजे स्वतःला घालून घेतलेला रूल, असं लक्षात ठेवा.

शब्द नेमका असावा याची ओढ आपल्या गावाला जुनी आहे बरं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, बडोदे संस्थानानं राज्यकारभारातल्या शब्दांचा मोठा कोश छापला, एकेका इंग्रजी शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगालीत काय म्हणावं ते देणारा. कारण हुकमातला शब्द सैल पडला की त्रास ज्याची जमीन आहे त्याला होतो. तुमच्या लोनच्या कागदालाही तेच लागू, सही करण्याआधी मुद्दल किती आणि व्याज किती ते बोट ठेवून विचारा.

प्रश्न : मी नवीन शिक्षिका आहे. ॲडव्हाइस-ॲडव्हाइज आणि अफेक्ट-इफेक्ट मुलांना कसं शिकवू?

उत्तर : पहिल्या जोडीत उच्चारच सांगतो. स असा ऐकू आला की सी, तो सल्ला, नाम. झ ऐकू आला की एस, सल्ला देणं, क्रियापद. हीच चावी लायसन्स आणि प्रॅक्टिसला लावायची, तिथे उच्चार दोन्हीकडे सारखाच असतो म्हणून चावीची खरी गरज तिथे, आपल्याकडे ब्रिटिश स्पेलिंग चालतं म्हणून खिशातलं ड्रायव्हिंग लायसन्स सी नं. दुसऱ्या जोडीत, नुसता ‘परिणाम’ असेल तर ई वाला इफेक्ट, ‘परिणाम होणं’ असं क्रियापद असेल तर ए वाला अफेक्ट. पावसाचा पिकावरचा परिणाम, इफेक्ट. पावसानं पिकावर परिणाम झाला, अफेक्टेड. याला अपवाद आहेत, पण शाळेत ते काढू नका, आधी हे पक्कं होऊ दे.

प्रश्न : मी कारेलीबागेतला निवृत्त माणूस. नातू न्यू जर्सीला असतो, त्याला इंग्रजीत पत्र लिहितो कारण त्याला मराठी वाचता येत नाही. लिहिलं होतं, ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर, वी मीट एव्हरी मॉर्निंग’. त्याचा लगेच फोन, आजोबा तुम्ही एकटे पडलात का? मी तर आनंदानं लिहिलं होतं. कुठे चुकलो?

उत्तर : काका, फक्त एक ए राहिला. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडेफार, काही. नुसता ‘फ्यू’ म्हणजे थोडेच. मराठीत हे काम एकटा ‘च’ करतो. ‘मला इथे थोडे मित्र आहेत’ म्हटलं तर बरं वाटतं, ‘मला इथे थोडेच मित्र आहेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव हलतो. मराठीत जिथे ‘च’ लावाल तिथे इंग्रजीत ए काढायचा, आणि ‘च’ नसेल तिथे ए लावायचा. लिटलचंही तेच, ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे, नुसता ‘लिटल टाइम’ म्हणजे वेळ फारच थोडा उरलाय.

पण नातवानं तुमचं पत्र किती लक्ष देऊन वाचलं बघा, एक अक्षर नव्हतं तर त्याला काळजी लागली. त्याला आजच परत लिहा, ए घालून, आणि सकाळी कोण कोण येतं, सेव उसळ कोणाच्या खर्चानं होते, सगळं लिहा. आणि खाली दोन ओळी मराठीत लिहा, त्या त्याला फोनवर तुम्ही वाचून दाखवा.